परिचयाचा विश्वास आणि ठेवीचा कागद : जुन्नर-आंबेगाव परिसराच्या अनुषंगाने आर्थिक फसवणुकीचा विचार

एखाद्या गुंतवणूक-योजनेत शेकडो कुटुंबे बुडाल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले की, त्यावर सुशिक्षित समाजाचा अभिप्राय बहुधा एका शब्दात व्यक्त होतो आणि तो शब्द म्हणजे लोभ. हे स्पष्टीकरण सोयीचे आहे. कारण ते देणारा स्वतः निर्लोभी ठरतो आणि पुढील चौकशीची गरज उरत नाही. परंतु शास्त्रीय दृष्टीने ते अपुरे होय. लोभ सर्व काळी व सर्व स्थळी असतो. फसवणूक मात्र विशिष्ट काळी, विशिष्ट प्रदेशात आणि विशिष्ट रूप घेऊन येते. जे सर्वत्र सारखे आहे, त्याने या भेदाचा उलगडा कसा व्हावा? शिवाय फसलेल्या व्यक्तींचे आचरण पाहिले, तर त्यांतील पुष्कळ माणसे एरव्ही अत्यंत सावध, काटकसरी व हिशेबी असल्याचे आढळते. बाजारात भाजीची जुडी घेताना घासाघीस करणारी गृहिणी आयुष्याची शिल्लक एका पावतीवर देऊन टाकते. हा विरोधाभास समजून घ्यावयाचा, तर मनाच्या दुर्बलतेइतकाच त्या मनाभोवतीच्या संस्थांचा विचार करणे प्राप्त आहे.

पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील जुन्नर व आंबेगाव हे तालुके या दृष्टीने अभ्यासास उपयुक्त आहेत. त्यांचा पश्चिम भाग सह्याद्रीला लागून असून तेथे भात, हिरडा आणि मोलमजुरी यांवर निर्वाह करणारी महादेव कोळी समाजाची वस्ती आहे. पूर्व भाग कुकडी प्रकल्पाच्या येडगाव, माणिकडोह, वडज, डिंभे आणि पिंपळगाव जोगे या पाच धरणांच्या पाण्याने पालटला. तेथे ऊस, टोमॅटो, कांदा, द्राक्षे ही नगदी पिके आली व नारायणगाव, मंचर, ओतूर येथे मोठ्या बाजारपेठा वाढल्या. एकाच तालुक्यात अल्प रोकड असलेला आणि एकदम मोठी रोकड हाती येणारा, असे दोन समाज शेजारी नांदतात. मुंबईशी दोहोंचाही जुना संबंध आहे.

या भूमीस फसवणुकीचा अनुभव नवीन नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आंबेगावच्या पश्चिमेकडील जांभोरीचा होन्या भागोजी केंगले याने सावकारांविरुद्ध बंड पुकारले व १८७६ मध्ये तो पकडला गेला. दरम्यान १२ मे १८७५ रोजी याच जिल्ह्याच्या भीमथडी तालुक्यातील सुपे येथे दंगा उसळला आणि तो अहमदनगरच्या बाजूस पसरला. दंगेखोरांचा मुख्य रोख माणसांवर नसून कर्जरोख्यांवर होता. रोखे हाती येताच ते जाळण्यात येत. त्यानंतर नेमलेल्या आयोगाच्या चौकशीतून १८७९ चा दक्षिणेतील शेतकऱ्यांच्या साहाय्याचा कायदा निर्माण झाला. रोखे ग्रामनिबंधकासमोर नोंदवावेत, तंटे आधी समेटकर्त्यापुढे न्यावेत, अशा त्याच्या तरतुदी होत्या. या कायद्याच्या मुळाशी एक गृहीतकृत्य होते. फसवणारा परका असतो, फसणारा निरक्षर असतो आणि कागद हे फसवणुकीचे हत्यार असते, असे ते गृहीतकृत्य. त्या काळी ते बव्हंशी खरेही होते. गेल्या तीसपस्तीस वर्षांतील प्रकरणांत मात्र या तिन्ही गोष्टी उलटल्या आहेत. फसवणारा, निदान दारापर्यंत येणारा, आपला असतो. फसणारा साक्षर असतो. आणि कागद हे त्याला संरक्षण वाटते.

पर्ल्स या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पीएसीएल कंपनीचे उदाहरण या बाबतीत बोधप्रद आहे. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातही तिच्या प्रतिनिधींचे जाळे पसरले होते. कंपनी ठेव घेत नसे. ती ‘जमीन विकत’ असे. हप्त्याने रक्कम भरावयाची, मुदतीअंती भूखंड अथवा त्याची अपेक्षित किंमत घ्यावयाची, असा तो करार. ज्या समाजात सातबाऱ्याच्या उताऱ्याहून अधिक पवित्र असा दुसरा कागद नाही, त्या समाजात जमिनीच्या नावाने दिलेली पावती किती वजनदार वाटत असेल, याची कल्पना करता येते. ती जमीन कोठे आहे, हे पाहण्यास मात्र कोणी गेले नाही. कारण ती कसावयाची नव्हतीच.

येथे आणखी एक बाब ध्यानात घेतली पाहिजे. ‘सेबी’ या नियामक मंडळाने १९९९ मध्ये या योजनांस हरकत घेतली, तेव्हा प्रकरण राजस्थान उच्च न्यायालयात गेले आणि २००३ मध्ये निर्णय कंपनीच्या बाजूने लागला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला तो फेब्रुवारी २०१३ मध्ये. या मधल्या दहा वर्षांत गावातील प्रतिनिधी जेव्हा ‘कोर्टाने आम्हांला मान्यता दिली आहे’ असे सांगत असे, तेव्हा त्याचे विधान अतिशयोक्त असले, तरी निखालस खोटे नव्हते. २२ ऑगस्ट २०१४ रोजी सेबीने परताव्याचा आदेश दिला, त्या वेळी गुंतवणूकदारांची संख्या सुमारे ५ कोटी ८५ लक्ष व रक्कम सुमारे ४९,१०० कोटी रुपये असल्याचे नमूद झाले. एवढ्या लोकांस एकाच वेळी लोभाने ग्रासले, असे म्हणण्यात काही अर्थ नाही.

आता दामदुपटीच्या वचनाकडे वळू. शहरी टीकाकारास ‘पाच-सहा वर्षांत दुप्पट’ हे शब्द ऐकताच संशय येतो. परंतु हे वचन ग्रामीण भागात प्रथम कोणी आणले? १९८८ मध्ये भारत सरकारच्या डाकखात्याने किसान विकासपत्र विक्रीस काढले आणि ते साडेपाच वर्षांत दुप्पट होत असे. म्हणजे व्याजाचा दर वर्षास तेरा टक्क्यांहून अधिक पडे. पुढे व्याजदर उतरत गेले व २००३ पासून त्याच पत्रास दुप्पट होण्यास आठ वर्षे सात महिने लागू लागले. ज्याने १९९० च्या सुमारास पोस्टात पैसे ठेवून खरोखरच दुप्पट घेतले होते, त्याला दहापंधरा वर्षांनी तेच शब्द बोलणारा प्रतिनिधी भेटला, तेव्हा त्यात अघटित असे काही वाटले नाही. उलट पोस्टानेच अन्याय केला व कंपनी जुना न्याय्य दर देत आहे, असे वाटले. हा लोभ नव्हे. ही कालबाह्य झालेली, पण स्वानुभवाने मिळालेली माहिती होय.

त्याच्या जोडीला शेतीचा अनुभव. १९७९ मध्ये कानेमन व ट्वर्स्की यांनी दाखवून दिले की, मनुष्य लाभहानीचे मोजमाप निरपेक्षपणे न करता एखाद्या संदर्भबिंदूपासून करतो. नारायणगावच्या टोमॅटो उत्पादकाचा संदर्भबिंदू कोणता? २०२३ च्या उन्हाळ्यात महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतकऱ्यांनी मातीमोल भावामुळे टोमॅटो फेकून दिले, आणि त्याच वर्षीच्या जुलैत नारायणगावच्या बाजारात उत्तम मालाच्या वीस किलोच्या क्रेटला दोन हजार रुपयांपर्यंत भाव चढला. त्या महिन्यात जुन्नर तालुक्यातील एका शेतकरी कुटुंबाने कोटीच्या घरात उत्पन्न मिळविल्याच्या वार्ता देशभर पसरल्या. ज्याने ही उलथापालथ शेजारच्या बांधावर पाहिली, त्याला वर्षास बारापंधरा टक्के देणारी योजना साहसी वाटत नाही, सौम्य वाटते. बँकेतील कारकुनाला जो दर धोक्याची सूचना वाटतो, तोच बागाईतदाराला स्थैर्याचे आश्वासन वाटतो. अर्थशास्त्राच्या क्रमिक पुस्तकांत जोखीम व परतावा यांचा जो संबंध शिकविला जातो, तो शेतमालाच्या बाजारात वावरणाऱ्यास अनुभवाला येतच नाही. तेथे जोखीम सदैव असते आणि परतावा कधी असतो, कधी नसतो.

फसव्या योजनांची रूपे पाहिली, तर त्या स्थानिक जीवनातील विश्वासार्ह व्यवहारांच्या प्रतिकृती असल्याचे दिसते. पुण्यात मुख्य कार्यालय असलेल्या समृद्ध जीवन या उद्योगसमूहाने शेळ्या-म्हशींच्या संगोपनाच्या नावाने रकमा गोळा केल्या. गावाकडे शेळी अर्धलीने देण्याची रीत आहे : ज्याच्याजवळ पैसा आहे त्याने शेळी घ्यावी, ज्याच्याजवळ मनुष्यबळ आहे त्याने ती पाळावी आणि होणारी करडे निम्मी-निम्मी वाटून घ्यावीत. शेळी वर्षादोनवर्षांत वाढते हे कोणासही सांगावे लागत नाही. तेव्हा ‘तुमची शेळी आम्ही पाळतो’ हे वाक्य ऐकणाऱ्यास जुन्याच रिवाजाचा विस्तार वाटला. फरक एवढाच की, अर्धलीची शेळी शेजारच्या गोठ्यात दिसते, तिचे करडू मेले तर कळते; कंपनीची शेळी केवळ प्रमाणपत्रावर होती. २०१३ मध्ये सेबीने या कंपनीस नवीन रकमा स्वीकारण्यास मनाई केली व डिसेंबर २०१५ मध्ये तिच्या प्रमुखास अटक झाली. मधल्या काळात ‘मी मराठी’ ही दूरचित्रवाणी वाहिनी या समूहाच्या हाती होती. घरातील पडद्यावर रोज दिसणारी संस्था बुडेल कशी, हा ठेवीदाराचा प्रश्न भोळा असला, तरी अतार्किक नव्हता.

भिशीचीही तीच गोष्ट. दहावीस जणांनी दरमहा ठरावीक रक्कम काढावी आणि चिठ्ठी टाकून अथवा बोलीने एकेकाने ती उचलावी, ही पद्धत मंचर-जुन्नरच्या व्यापारी पेठांत, तशीच महिलांच्या मंडळांत सर्वपरिचित आहे. क्लिफर्ड गीर्ट्‌झ यांनी १९६२ मध्ये व शर्ली आर्डेनर यांनी १९६४ मध्ये अशा फिरत्या पतमंडळांचा तौलनिक विचार केला, तेव्हा त्या जगाच्या अनेक भागांत आढळतात व त्यांचा आधार सभासदांचा परस्परपरिचय हा असतो, हे स्पष्ट झाले. भिशीत पहिल्याने उचललेली रक्कम ही इतरांच्या वर्गणीतून आलेली असते, हे सर्वांस ठाऊक असते व त्यात काही गैर नसते. १९२० मध्ये बॉस्टन येथे पंचेचाळीस दिवसांत पन्नास टक्के नफ्याचे आमिष दाखविणाऱ्या चार्ल्स पाँझीच्या योजनेतही पहिल्याचे देणे दुसऱ्याच्या पैशांतूनच भागत होते. बाहेरून पाहता दोहोंचे चक्र सारखेच फिरते. भिशीचे वर्तुळ मात्र बंद असते व शेवटच्या सभासदापाशी ते पुरे होते; पाँझीच्या वर्तुळास नवा सभासद मिळेनासा झाला की ते फुटते. हा भेद गणिताचा आहे, दृष्टीस पडणारा नाही.

दारावर येऊन पैसे नेणारा माणूस हा तर फार जुना. कर्नाटकातील सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये पिग्मी ठेवीची योजना सुरू केली व तिचे अनुकरण पुढे सर्वत्र झाले. महाराष्ट्रात पतसंस्थांचा पिग्मी एजंट रोज सायंकाळी दुकानोदुकानी जातो, पुस्तकात आकडा लिहितो, सही करतो. या संस्थांनी ग्रामीण भागात बचतीची सवय लावली, हे त्यांचे श्रेय नाकारता येणार नाही. पण त्याच सवयीने एक गोष्ट शिकविली, ती म्हणजे पैसे संस्थेस नव्हे, माणसास द्यावयाचे असतात. बँकेतील ठेवीस २०२० पासून पाच लक्ष रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे आणि पतसंस्थेतील ठेवीस ते नाही, हे कितीजणांस ठाऊक असते? बँक, पतसंस्था, बहुराज्य संस्था व खाजगी कंपनी यांच्या पाट्या एकाच रस्त्यावर, एकाच रंगात लागलेल्या असतात. कायद्याने केलेले भेद पाटीवर दिसत नाहीत.

सर्वांत गुंतागुंतीचे स्थान आहे ते प्रतिनिधीचे. तो बहुधा निवृत्त शिक्षक, एखादा पदवीधर बेकार तरुण किंवा विमा प्रतिनिधी असतो. हरिनाम सप्ताहात पंगत देणारा, लग्नकार्यात पुढे असणारा. त्याने प्रथम स्वतःचे पैसे गुंतविलेले असतात, नंतर भावाचे, नंतर मेहुण्याचे. तो खोटे बोलत नसतो आणि म्हणूनच त्याचे बोलणे पटते. लिओन फेस्टिंगर यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या संज्ञानात्मक विसंवादाच्या उपपत्तीचा येथे प्रत्यय येतो : ज्याने सासऱ्याची आयुष्याची पुंजी योजनेत घातली आहे, त्याला योजनेविषयीचा संशय परवडत नाही. वृत्तपत्रातील प्रतिकूल बातमी त्याला प्रतिस्पर्ध्यांचे कारस्थान वाटते. नात्यांचे जाळे जितके घट्ट, तितकी माहिती पुनरुक्त होते; सोयरेधायरे सगळे एकाच व्यक्तीकडून ऐकलेले एकमेकांस सांगतात व ते अनेकांचे मत असल्याचा भास होतो. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दूरच्या ओळखीचे महत्त्व प्रतिपादिले, ते याच कारणाने की नवी माहिती दूरच्या माणसाकडून येते. पण पैशांच्या बाबतीत दूरच्या माणसाचे ऐकू नये, अशीच शिकवण सर्वांस मिळालेली असते.

मुंबईच्या डबेवाल्यांच्या बाबतीत हे विशेषत्वाने दिसले. महादू हावजी बच्चे यांनी १८९० मध्ये सुरू केलेल्या या व्यवसायातील बहुतेक माणसे खेड, आंबेगाव, जुन्नर, मावळ या तालुक्यांतील असून त्यांच्या कामाची सारी मदार परस्परविश्वासावर आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये त्यांच्यापैकी काहींच्या फिर्यादीवरून संघटनेशी संबंधित व्यक्तीस पोलिसांनी अटक केली. विनामूल्य दुचाकी मिळेल असे सांगून कागदपत्रे व सह्या घेण्यात आल्या आणि प्रत्यक्षात सह्या करणाऱ्यांच्या नावावर कर्जे निघाली, असा तो आरोप होता. आरोपाचा निवाडा न्यायालयाचा विषय आहे. येथे प्रश्न आहे तो सही करणाऱ्याच्या मनाचा. दररोज हजारो डबे केवळ खुणेवरून, पावतीवाचून अचूक पोचविणाऱ्या समूहात सहकाऱ्याने पुढे केलेला कागद वाचून पाहणे हा जवळजवळ अपमान ठरेल. ज्या गुणामुळे ती संघटना जगन्मान्य झाली, तोच गुण अशा प्रसंगी तिच्या सभासदांस उघडे पाडतो.

विवाहविषयक फसवणूक वरवर पाहता निराळी वाटेल. ग्रामीण महाराष्ट्रात अलीकडे असे प्रकार वारंवार उघडकीस येतात की, मध्यस्थ दोनतीन लाख रुपये घेऊन परजिल्ह्यातील वधू आणून देतो, घाईने लग्न लागते आणि काही दिवसांतच ती दागिन्यांसह नाहीशी होते. याची पार्श्वभूमी लोकसंख्येच्या आकड्यांत आहे. राज्यात सहा वर्षांखालील मुलग्यांच्या दर हजारी मुलींचे प्रमाण २००१ मध्ये ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. त्यातच नोकरदार वराची अपेक्षा वाढल्याने शेतकरी मुलांची लग्ने जुळेनाशी झाली. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या वेषात जिल्हाधिकारी कार्यालयावर मोर्चा नेला, तेव्हा अनेकांनी ते हसण्यावारी नेले.

परंपरागत विवाहात चौकशीची यंत्रणा पक्की असते. मामा, आत्या, सोयऱ्यांचे सोयरे यांच्याकडून घराणे पारखले जाते. येथे वधूचे गोत कोणालाच माहीत नसते, म्हणून चौकशीस जागा नसते. आणि चौकशीचा आग्रह धरला तर जमत आलेले मोडेल, ही भीती असते. पस्तिशीच्या मुलाची आई अशा वेळी अंध नसते. धोका आहे हे ती जाणते. नकार दिला तर मुलगा जन्मभर एकटा राहील, हेही जाणते, आणि दोन संकटांतील अनिश्चित संकट पत्करते. यात त्या मुलींपैकीही काही स्वेच्छेने आलेल्या नसतात, हे विसरता कामा नये.

दूरध्वनीवरून होणाऱ्या नव्या फसवणुकीत विश्वासाऐवजी भीतीचा उपयोग केला जातो. स्वतःस पोलीस अधिकारी म्हणवून घेणारा इसम चित्रध्वनी-संभाषणात अडकवून ठेवतो व ‘डिजिटल अटक’ झाल्याचे सांगतो. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना आकाशवाणीवरील भाषणात सांगावे लागले. तलाठी वा तहसील कचेरीतून आलेल्या निरोपास प्रश्न न विचारण्याची सवय जेथे पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तेथे गणवेशातील अपरिचित चेहराही परिचितच ठरतो. फसवणुकीची तक्रार पहिल्या काही तासांत १९३० या क्रमांकावर गेल्यास रक्कम गोठविता येण्याचा संभव असतो. परंतु हे पहिले तास बहुधा घरच्यांपासून गोष्ट लपविण्यात जातात.

हे मौन सर्वच प्रकारांत आढळते आणि फसवणूक दीर्घकाळ टिकण्याचे ते एक प्रमुख कारण आहे. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५२ मधील एका निबंधात दाखविले की, फसलेल्या माणसाने केवळ पैसा गमावलेला नसतो. आपण व्यवहारचतुर आहोत ही स्वतःविषयीची प्रतिमाही गमावलेली असते, आणि त्याने गवगवा करू नये म्हणून ठकांच्या टोळीतील एकजण मागे राहून त्याचे सांत्वन करतो. गावात हे काम कोणी नेमून द्यावे लागत नाही. प्रतिनिधी तेथेच राहतो, त्याचीही पुंजी बुडालेली असते, आणि ‘केस चालू आहे, पैसे येणार’ असे तो स्वतःस व इतरांस सांगत राहतो. फिर्याद द्यावयाची तर ती त्याच्यावर द्यावी लागेल, म्हणजे चुलतभावावर किंवा मुलीच्या सासऱ्यावर. नवऱ्याच्या नकळत साठविलेले पैसे गमावलेल्या स्त्रीची अडचण याहून मोठी. तिची तक्रार म्हणजे तिच्या गुप्त बचतीचा कबुलीजबाब होय. ठेवीदारांच्या हितरक्षणासाठी महाराष्ट्राने १९९९ मध्ये स्वतंत्र अधिनियम केला, मालमत्ता जप्त करून रकमा परत देण्याची तरतूद केली. केंद्राने २०१९ मध्ये अनियंत्रित ठेव-योजनांवर बंदी घातली. दोन्ही कायद्यांची अंमलबजावणी तक्रारदारावर बरीच अवलंबून आहे, आणि तक्रारदारच पुढे येत नाही.

पीएसीएलच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये न्यायमूर्ती लोढा यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१८ मध्ये अडीच हजार रुपयांपर्यंतच्या दाव्यांपासून परतावा देण्यास आरंभ केला व पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने वाढविली. मूळ प्रमाणपत्रे कोणाच्याही स्वाधीन करू नयेत, अशी सूचना गुंतवणूकदारांस देण्यात आली होती. तथापि मुदत संपल्यावर ‘पैसे काढून आणतो’ असे म्हणणाऱ्या प्रतिनिधीच्या हाती ती आधीच सोपविलेली असतील, तर दाव्याच्या अर्जास जोडावयास कागदच उरत नाही. १८७५ मध्ये ज्या जिल्ह्यातील कुणब्यांनी सुटकेसाठी कागद जाळले, त्याच जिल्ह्यात आता सुटकेसाठी कागद शोधला जातो.